‘झुनी’ ते ‘तामारोआ’ : एका युद्धकालीन टगबोटीचा प्रवास

अमेरिकी नौदलाच्या ‘झुनी’ या टगबोटीचा कणा ८ मार्च १९४३ रोजी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे ‘कमर्शियल आयर्न वर्क्स’ या कारखान्यात बसवला गेला. ३१ जुलैला तिचे जलावतरण झाले आणि ९ ऑक्टोबरला ती नौदलात दाखल झाली. कणा बसवल्यापासून सेवेत येईपर्यंत अवघे सात महिने लागले. युद्धाच्या त्या वर्षात पोर्टलंडच्या नदीकाठी मोठमोठी मालवाहू जहाजे एकामागून एक बांधून होत होती. त्यांच्या गर्दीत दोनशे पाच फूट लांबीच्या या टगबोटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले असण्याचा संभव नाही. पण तिच्याबरोबर पाण्यात उतरलेली बहुतेक जहाजे भंगारात गेल्यानंतरही ती कितीतरी वर्षे काम करत राहिली.

बंदरात मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणारी छोटी टग आणि ‘झुनी’सारखी नौदलाची टग या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. बंदरातली टग संध्याकाळी आपल्या जागी परतते. नौदलाच्या या टगबोटींना आरमाराबरोबर हजारो मैल जाऊन, जिथे जहाज जखमी होईल तिथून ते ओढून आणायचे असे. त्यासाठी अमेरिकेने ‘नवाहो’ वर्गाच्या टगबोटी बांधल्या. त्यांना आदिवासी जमातींची नावे देण्याचा प्रघात होता : नवाहो, चेरोकी, सेमिनोल, पॉनी, मन्सी. झुनी ही न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात राहणारी जमात आहे.

या वर्गाची जहाजे ३८ फूट रुंद होती आणि साधारण पंधरा फूट पाण्यात बसत. रिकामेपणी त्यांचे वजन बाराशे टनांच्या आसपास, तर पूर्ण भरल्यावर साडेसोळाशे टनांच्या वर जाई. चार डिझेल इंजिने विद्युत जनित्रे फिरवत आणि त्या विजेवर चालणारी मोटर एकच मोठा पंखा फिरवत असे. ही डिझेल-विद्युत रचना टगच्या कामाला फार सोयीची होती. अवजड ओझे हलवताना सुरुवातीला पंखा अगदी हळू फिरवावा लागतो, पण जोर पुरा लागतो. विजेच्या मोटरला हे सहज जमते आणि वेगही तसूतसूने वाढवता येतो. एकटी असताना ही टग सोळा नॉटपर्यंत धावू शके, पण मागे ओझे असले की चार-पाच नॉट म्हणजे चांगला वेग मानला जाई. जहाजावर सुमारे ८५ माणसे असत. तीन इंची एक तोफ आणि काही विमानविरोधी तोफा एवढेच तिचे शस्त्रबळ होते.

ओढण्याचे सगळे कसब दोरात असते. खुल्या समुद्रात दोन जहाजे एका लाटेवर एकत्र कधीच नसतात. पुढचे लाटेच्या माथ्यावर चढते तेव्हा मागचे दुसऱ्या लाटेच्या पोटात असते. मधला दोर ताणलेला असेल तर पहिल्याच हिसक्याला तुटेल. म्हणून जाड पोलादी दोर शेकडो फूट लांब सोडतात. स्वतःच्या वजनाने तो दोन जहाजांच्या मधोमध पाण्यात खोल झोळ खातो आणि हिसका बसला की आधी तो झोळ सरळ होतो. हिसक्याचा जोर तिथेच जिरतो. पिछाडीच्या डेकवरचे यंत्र ताण वाढला की दोर थोडा सोडते आणि ताण कमी झाला की पुन्हा गुंडाळते. पण तुटलेला पोलादी दोर उलटून डेकवर आला तर वाटेतल्या माणसाचा जीव घेतो. ओढकाम चालू असताना पिछाडीच्या डेकवर विनाकारण कोणी थांबू नये, असा म्हणूनच कडक दंडक असतो.

पोर्टलंड समुद्रावर नाही. विलामेट नदी शहराच्या खाली कोलंबिया नदीला मिळते आणि तिथून ॲस्टोरियाजवळच्या मुखापर्यंत सुमारे शंभर मैलांची वाट आहे. कोलंबियाच्या मुखाशी नदीचा जोरदार प्रवाह पॅसिफिकच्या लाटांना भिडतो. तिथल्या वाळूच्या पट्ट्यांवर आजवर इतकी जहाजे फुटली आहेत की त्या भागाला ‘पॅसिफिकचे स्मशान’ म्हणतात. ते मुख ओलांडून ‘झुनी’ समुद्रात आली. चाचणीफेऱ्या झाल्यावर पहिले काम तिला उत्तरेकडे मिळाले. नोव्हेंबर १९४३ मध्ये ती अलास्कातल्या कोडियाकला गेली आणि तिथून दोन बार्ज ओढत सिॲटलला परतली. अल्यूशन बेटांवरची लढाई त्या उन्हाळ्यात संपली होती. युद्धाचा भार आता मध्य पॅसिफिककडे सरकत होता आणि तिकडे टगबोटींची वानवा होती.

या वानवेचे कारण दुःखद होते. या वर्गाची दुसरी टग ‘सेमिनोल’ ऑक्टोबर १९४२ मध्ये ग्वाडलकनालजवळ जपानी विनाशिकांच्या तोफांना बळी पडली. वर्गाला जिचे नाव मिळाले ती ‘नवाहो’ सप्टेंबर १९४३ मध्ये पेट्रोलचा बार्ज ओढून नेत असताना पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. त्याच महिन्यात इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘नॉसेट’ गेली. मागे ओझे घेऊन चार-पाच नॉटने जाणारी नौका पाणबुडीला चुकवू शकत नाही. संकट दिसले तरी दोर तोडल्याशिवाय तिला वळताही येत नाही. या जहाजांवरची माणसे हे पुरते जाणून कामाला लागत.

जानेवारी १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सोडून ‘झुनी’ नैऋत्येला निघाली आणि फेब्रुवारीच्या आरंभी एलिस बेटांमधल्या फुनाफुटीला पोहोचली. फुनाफुटी हे कंकणद्वीप आहे, म्हणजे प्रवाळाच्या अरुंद पट्ट्यांनी वेढलेले खाऱ्या पाण्याचे सरोवर (लगून). अमेरिकी सैन्य तिथे ऑक्टोबर १९४२ मध्ये उतरले होते. त्याने मुख्य बेटावर माडांची बने तोडून आणि जमिनीतला प्रवाळ उकरून धावपट्टी बांधली. तीच धावपट्टी आज तुवालू देशाचा विमानतळ आहे. प्रवाळ उकरल्याने पडलेले खड्डे सत्तर वर्षे तसेच राहिले. त्यांत खारे पाणी आणि कचरा साचत होता, आणि २०१५ साली न्यूझीलंडच्या मदतीने ते बुजवण्यात आले. युद्ध इथून काही महिन्यांत पुढे निघून गेले, पण काही चौरस किलोमीटरच्या या देशाची लागवडीची जमीन कायमची गेली. पॅसिफिक युद्धाच्या इतिहासात या नुकसानीची नोंद क्वचितच सापडते, ती व्हायला हवी.

फुनाफुटीला सामान उतरवून टग न्यू हेब्रिडीजमधल्या एस्पिरितू सांतोला गेली. हे बेट आज वानुआतू देशात आहे. युद्धात तिथे दक्षिण पॅसिफिकमधला एक सर्वांत मोठा तळ उभा राहिला होता. बंदराच्या वाटेवर ‘प्रेसिडेंट कूलिज’ हे प्रवासी जहाज बुडालेले होते. सैनिक घेऊन येताना ऑक्टोबर १९४२ मध्ये ते अमेरिकेच्याच सुरुंगांवर आदळले होते. युद्ध संपल्यावर याच बेटाच्या किनाऱ्यावर बुलडोझर, ट्रक आणि यंत्रे समुद्रात ढकलून देण्यात आली. त्या जागेला आता ‘मिलियन डॉलर पॉइंट’ म्हणतात आणि पाणबुडे तिथला गंजता साठा पाहायला येतात. ‘झुनी’ तिथे काही आठवडे किरकोळ कामांत राहिली. मग सामोआतल्या पागो पागो बंदरातून दोन बार्ज घेऊन ती मार्शल बेटांमधल्या माजुरोला निघाली. पागो पागोचे बंदर एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून झालेले असून तिन्ही बाजूंना उभे हिरवे डोंगर आहेत. माजुरोला डोंगर सोडाच, टेकाडही नाही. तिथली सर्वांत उंच जमीन समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आहे. ते बेट ३१ जानेवारी १९४४ रोजी जवळजवळ विनासायास हाती आले होते आणि त्याच्या विस्तीर्ण लगूनमध्ये आता आरमार नांगर टाकून होते.

मार्शल बेटे ते पर्ल हार्बर आणि परत, अशा फेऱ्या पुढचे काही महिने चालल्या. क्वाजालिनला ती तळाच्या दिमतीला होती. जहाजे हलवायची आणि तोफांच्या सरावासाठी लक्ष्याचे तराफे ओढायचे, हे तिथले रोजचे काम. मे महिन्यात तिने पर्ल हार्बरहून एक तरती गोदी क्वाजालिनपर्यंत नेली. हे अंतर दोन हजार सागरी मैलांहून जास्त आहे. तरत्या गोदीला नाळ नसते, तिचा आकार चौकोनी, वाऱ्याला आडवा आणि पाण्याला अडणारा. इतके बेढब ओझे या वेगाने ओढायचे म्हणजे कित्येक दिवस रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो. दोर घासून झिजू नये म्हणून तो अधूनमधून थोडा सोडून घासणारी जागा बदलावी लागते. अमेरिकेने पॅसिफिकमध्ये पुढे पुढे सरकणारे नाविक तळ उभारले, ते मुख्यतः अशा ओढून नेलेल्या गोद्या आणि बार्ज यांच्या आधारावर. इतिहासात विमानवाहू नौकांच्या हालचाली तासातासाच्या हिशेबाने नोंदल्या जातात. ही गोदी वेळेवर पोहोचली नसती तर त्यांतल्या कित्येक नौकांना दुरुस्तीसाठी हवाई किंवा कॅलिफोर्निया गाठावे लागले असते.

१५ जून १९४४ रोजी सायपानवर सैन्य उतरले तेव्हा ‘झुनी’ बेटाजवळच होती. सायपान आणि जुलैअखेरीस टिनियन, अशा दोन्ही मोहिमांत अडकलेल्या नौका सोडवणे, निकामी झालेल्या ओढून नेणे, जवळपासच्या ताफ्यांना सोबत करणे ही कामे तिने केली. सप्टेंबरनंतर तिचा मुक्काम पश्चिम कॅरोलाइन बेटांतल्या उलिथीला हलला.

उलिथी हे कंकणद्वीप ग्वामपासून नैऋत्येला सुमारे ३६० मैलांवर आहे. अमेरिकी सैन्य २३ सप्टेंबर १९४४ रोजी तिथे उतरले, तेव्हा प्रतिकार करायला कोणी नव्हते. लगून सुमारे वीस मैल लांब आणि दहा मैल रुंद, खोली ८० ते १०० फूट. सातशे जहाजे एकाच वेळी नांगरून राहू शकतील असे ते विश्रांतिस्थान निघाले. मोगमोग बेटावरच्या रहिवाशांना फस्सराय बेटावर हलवण्यात आले आणि मोगमोगवर खलाशांसाठी मैदाने, पोहण्याच्या जागा, बिअर मिळण्याचे अड्डे तयार झाले. या तळाची व्यवस्था कमोडोर वॉरल कार्टर यांच्या दहाव्या सेवा-तुकडीकडे होती. दुरुस्तीची जहाजे, तरत्या गोद्या, तेलवाहू जहाजे, बर्फाचे कारखाने, सारे पाण्यावरच होते. कार्टर यांनी युद्धानंतर या तरत्या तळांचा इतिहास लिहिला. टगबोटींच्या कामगिरीची इतक्या आस्थेने दखल घेणारी पुस्तके थोडीच आहेत.

‘झुनी’च्या आयुष्यातला सर्वांत खडतर महिना उलिथीतूनच सुरू झाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिसरे आरमार तैवानवरच्या जपानी विमानतळांवर हल्ले करत होते. त्या काळी तैवान फॉर्मोसा या नावाने ओळखला जाई. १३ तारखेला जड क्रूझर ‘कॅनबेरा’ला पाणतीर लागला आणि १४ तारखेला हलकी क्रूझर ‘ह्यूस्टन’ला. पाणतीर ‘ह्यूस्टन’च्या इंजिनाच्या भागात फुटला आणि तिची सगळी यंत्रे बंद पडली. हजारो टन पाणी आत शिरले. जहाज बुडवून टाकून खलाशांना वाचवावे की ते ओढून आणावे, हा निर्णय ॲडमिरल हॅल्सी यांच्यासमोर होता. त्यांनी दोन्ही क्रूझर परत आणायचे ठरवले. शत्रूच्या तळांपासून इतक्या जवळून, हजार मैलांहून अधिक अंतर, तेही चार-पाच नॉटच्या वेगाने.

आधी ‘बोस्टन’ या क्रूझरने ‘ह्यूस्टन’ला दोर लावला. १६ तारखेला ते काम ‘पॉनी’ टगने हाती घेतले. त्याच दिवशी जपानी विमानांनी पुन्हा गाठून ‘ह्यूस्टन’च्या पिछाडीला दुसरा पाणतीर मारला. विमानांच्या इंधनाने पेट घेतला आणि आणखी पाणी शिरले. ‘पॉनी’ने दोर सोडला नाही. उलिथीहून निघालेली ‘झुनी’ येऊन मिळाली आणि दोन्ही टग मिळून क्रूझर ओढू लागल्या. पाण्याने भरलेली ‘ह्यूस्टन’ एकट्या टगच्या सुमारे दहापट वजनाची होती. त्यातच ती एका बाजूला कललेली आणि सुकाणू निकामी, त्यामुळे सतत दिशा सोडून भरकटू पाहत होती. दोन टग एकामागे एक लावल्या तर जोर वाढतो, पण दोघींच्या गतीत जरा फरक पडला तरी मधला दोर सैल होऊन मग झटका बसतो. दोन्ही जहाजांवरच्या माणसांना तारतम्य एकमेकांकडे पाहूनच राखावे लागले.

या जखमी ताफ्याचा हॅल्सी यांनी आमिष म्हणूनही वापर करून घेतला. मोठे विजय मिळवले असे जपानी आकाशवाणी सांगत होती. अनेक विमानवाहू नौका बुडाल्याचा तिचा दावा होता. उरलेसुरले अमेरिकी आरमार पळते आहे असे समजून शत्रूची मोठी जहाजे बाहेर येतील, या आशेने निरोगी विमानवाहू नौका जवळपास दडून राहिल्या. जपानी क्रूझरांचा एक ताफा खरोखर निघालाही, पण धोका ओळखून मागे फिरला. खलाशांनी या हळू चालणाऱ्या ताफ्याला ‘आमिष तुकडी’ असे नाव दिले होते. दोराच्या पुढच्या टोकाला असलेल्या टगबोटींना हे आमिषपण किती जाणवत असेल, हे वेगळे सांगायला नको. २३ ते २६ ऑक्टोबर या चार दिवसांत पश्चिमेला लेयते आखाताची लढाई झाली. सहभागी जहाजांच्या संख्येने ती इतिहासातल्या सर्वांत मोठ्या सागरी लढायांपैकी एक. ती चालू असताना हा ताफा उलिथीकडे सरकतच होता. २७ ऑक्टोबरला दोन्ही टगनी ‘ह्यूस्टन’ला लगूनमध्ये आणले. तात्पुरत्या दुरुस्तीनंतर ती मानुसमार्गे न्यूयॉर्कला गेली.

आठवडाभरही विसावा मिळाला नाही. २ नोव्हेंबरला ‘झुनी’ ‘रेनो’ या विमानविरोधी हलक्या क्रूझरच्या गटाबरोबर पुन्हा बाहेर पडली. लेयतेच्या लढाईत पेटलेली विमानवाहू नौका ‘प्रिन्स्टन’ वाचवण्याच्या खटपटीत ‘रेनो’ होती आणि प्रयत्न फसल्यावर तिलाच ‘प्रिन्स्टन’ पाणतीर मारून बुडवावी लागली होती. ३ नोव्हेंबरच्या रात्री सान बर्नार्दिनो सामुद्रधुनीच्या पूर्वेला जपानी पाणबुडी ‘आय-४१’ने ‘रेनो’ला पाणतीर मारले. जहाज इतके कलले की उलटेल अशी भीती होती. डेकवरचे वजन समुद्रात टाकून आणि पंपांनी पाणी उपसून ते कसेबसे तोलून धरले. ‘झुनी’ने दोर लावला आणि या वेळी एकटीने ते ओढले. नौदलाच्या नोंदींत हे अंतर १,५०० मैलांचे आहे. ‘रेनो’ उलिथीला आली, तिथल्या तरत्या गोदीत तिचे भगदाड बुजवले गेले आणि मग ती स्वतःच्या इंजिनांवर अमेरिकेत चार्ल्सटनला पोहोचली. दोन-तीन आठवड्यांत दोन क्रूझर परत आणण्यात एखाद्या टगचा वाटा असणे ही विरळ कामगिरी आहे. त्या क्रूझरच्या इतिहासांत मात्र ‘झुनी’ला बहुधा एकच ओळ मिळते.

नोव्हेंबर आणि डिसेंबरचा बराच काळ टग उलिथीलाच होती. ते लगून सुरक्षित आहे हा समज २० नोव्हेंबरला संपला. त्या पहाटे ‘कैतेन’ नावाचा, माणसाने आत बसून चालवायचा जपानी पाणतीर लगूनमध्ये शिरला आणि ‘मिसिसिनेवा’ हे इंधनाने भरलेले तेलवाहू जहाज त्याने उडवले. त्रेसष्ट माणसे दगावली. पेटलेल्या तेलात शिरून बंबांचा मारा करायला पुढे गेलेल्या जहाजांत ‘मन्सी’ ही याच वर्गाची टग होती. वर्ष संपताना ‘झुनी’ आरमाराला इंधन पुरवणाऱ्या ताफ्याबरोबर लुझॉनच्या समुद्रात गेली आणि जानेवारीअखेर परतली.

फेब्रुवारी १९४५ मध्ये तिला इवो जिमाला पाठवले गेले. टोकिओच्या दक्षिणेला सुमारे बाराशे किलोमीटरवर असलेले हे बेट जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला १६९ मीटर उंचीचा सुरिबाची पर्वत आहे. बेटाला बंदर नाही आणि लाटा अडवणारा प्रवाळाचा बांधही नाही. पॅसिफिकची उसळी थेट पुळणीवर येऊन फुटते. पुळण काळ्या, भरड ज्वालामुखी वाळूची आणि तीव्र उताराची आहे. पाय ठेवला की घोट्याच्या वर रुततो. १९ फेब्रुवारीला सैन्य उतरू लागले तेव्हा लहान नौका किनाऱ्याला नाळ लावताच लाटा त्यांची पिछाडी फिरवत आणि नौका आडवी होऊन पाण्याने भरे. पहिल्या दोन दिवसांत किनारा मोडलेल्या नौकांनी इतका भरला की पुढच्या नौकांना जागा उरली नाही. तो मार्ग मोकळा करणे हे टगबोटींचे काम होते.

‘झुनी’ इवो जिमाला ३१ दिवस होती. किनाऱ्यावर आडवे झालेले एक वाहतूक जहाज तिने ओढून काढले. दारूगोळ्याने भरलेले एक एलएसटी, म्हणजे रणगाडे उतरवणारे मोठे जहाज, शत्रूच्या तोफा किनाऱ्यावर मारा करत असताना तिने पाण्यात खेचून नेले. बेटावर विमानतळ सुरू करायचे तर इंधन हवे होते, म्हणून समुद्राच्या तळावरून किनाऱ्यापर्यंत इंधनाचे नळ टाकण्यातही तिचा वाटा होता. २३ मार्चला ‘यलो बीच’ या भागावर रुतलेले एक एलएसटी काढताना मात्र टग स्वतःच किनाऱ्यावर फेकली गेली. तिचे दोन खलाशी ठार झाले, कणा मोडला, दोन्ही बाजूंना भगदाडे पडली. तीन दिवसांनी इवो जिमाची लढाई संपल्याचे जाहीर झाले. बेटासाठी सुमारे ६,८०० अमेरिकी आणि १८ हजारांहून अधिक जपानी माणसे मेली होती. दुसऱ्यांना ओढणारी ‘झुनी’ आता स्वतः दुसऱ्याच्या दोराला बांधली जाऊन आधी सायपानला आणि मग पर्ल हार्बरला गेली. तिथे कणा जोडून तिला पुन्हा समुद्रायोग्य केले गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या सेवेसाठी तिला चार युद्धतारे मिळाले.

युद्धानंतर नौदलाला एवढ्या टगबोटींची गरज नव्हती. २९ जून १९४६ रोजी ‘झुनी’ सेवामुक्त होऊन अमेरिकी तटरक्षक दलाकडे गेली. तिथे तिला ‘तामारोआ’ हे नाव मिळाले, तेही इलिनॉय प्रदेशातल्या एका आदिवासी जमातीचे. न्यूयॉर्क हे तिचे बंदर झाले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तेच राहिले. काम मुळात तेच होते, फक्त युद्धाऐवजी वादळ हा शत्रू झाला. इंजिन बंद पडलेल्या मासेमारी नौका, वाहून जाणारे बार्ज, अडकलेली मालवाहू जहाजे यांना सोडवून आणणे, मच्छीमारी कायद्यांची अंमलबजावणी आणि पुढच्या काळात अमली पदार्थांच्या तस्करीवर पाळत, असे तिच्या कामाचे स्वरूप होते.

२५ जुलै १९५६ च्या रात्री नॅन्टकेट बेटाजवळच्या धुक्यात ‘आंद्रेया दोरिया’ हे इटालियन प्रवासी जहाज आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज यांची टक्कर झाली. दोन्ही जहाजांवर मिळून ५१ माणसे मरण पावली, पण ‘दोरिया’ बुडायला अकरा तास लागल्यामुळे आणि ‘इल द फ्रान्स’सारखी जहाजे धावून आल्यामुळे १,६०० हून अधिक प्रवासी आणि खलाशी वाचले. मदतीला आलेल्या तटरक्षक नौकांत ‘तामारोआ’ होती. नाळ चेपलेली ‘स्टॉकहोम’ न्यूयॉर्ककडे परतली तेव्हा तिच्या सोबतीलाही ती होती. मार्च १९६३ मध्ये तिच्यावर विचित्र प्रसंग ओढवला. न्यूयॉर्कला तरत्या गोदीत दुरुस्तीला चढवलेली असताना तिच्याच एका दारू प्यालेल्या खलाशाने रात्री गोदीच्या झडपा उघडल्या. गोदी पाण्याने भरून खाली गेली आणि ‘तामारोआ’ कलंडून अर्धी बुडाली. तिला पुन्हा वर काढून, यंत्रे स्वच्छ करून कामावर लावले गेले. इवो जिमाला मोडलेला कणा जोडून घेतलेल्या जहाजाने हेही सोसले.

१९८५ मध्ये तिचे ठाणे न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यावर हलले. तिथून तिची सर्वांत गाजलेली मोहीम घडली. ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यासमोर एक प्रचंड वादळ उठले. कॅनडाकडून आलेली थंड हवा आणि ‘ग्रेस’ या चक्रीवादळाची उष्ण, दमट हवा यांच्या संगमातून ते वाढले. ‘अँड्रिया गेल’ ही मासेमारी नौका सहा माणसांसह बुडाली ते हेच वादळ. सेबास्टियन युंगर यांच्या १९९७ च्या ‘द परफेक्ट स्टॉर्म’ या पुस्तकाने आणि २००० सालच्या चित्रपटाने ते जगाला माहीत करून दिले.

वादळात नॅन्टकेटच्या दक्षिणेला ‘सतोरी’ ही तीन माणसांची शिडाची नौका अडचणीत होती. ‘तामारोआ’ तिच्यापर्यंत पोहोचली आणि तिने रबरी होडी सोडली, पण लाटांच्या तडाख्यात होडीच निकामी झाली. शेवटी नौकेवरच्या तिघांनी समुद्रात उड्या घेतल्या आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना होडीतल्या माणसांसह उचलून घेतले. ‘सतोरी’ रिकामी वाहत जाऊन पुढे मेरीलँडच्या किनाऱ्याला लागली.

हे काम आटोपते न आटोपते तोच दुसरी हाक आली. न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डचे एक हेलिकॉप्टर दूर समुद्रात दुसऱ्या एका शिडाच्या नौकेच्या मदतीला गेले होते. परतीच्या वाटेवर त्याला टँकर विमानाकडून हवेतच इंधन घ्यायचे होते. वादळी हवेत इंधनाच्या नळीचे टोक पकडणे जमले नाही आणि ३० ऑक्टोबरच्या रात्री वैमानिकाला हेलिकॉप्टर समुद्रात उतरवावे लागले. आत पाच माणसे होती. कमांडर लॉरेन्स ब्रुड्निकी यांची ‘तामारोआ’ अंधारात त्या दिशेने निघाली. चाळीस फुटांच्या आसपासच्या लाटांत होडी सोडणे म्हणजे आणखी माणसे गमावणे होते. म्हणून जहाजच पाण्यातल्या माणसांजवळ न्यायचे आणि बाजूला सोडलेल्या दोरांच्या जाळ्यांवर त्यांना धरायचे, असे ठरले. लाटेबरोबर एकदा जहाज माणसाच्या डोक्यावर उचलले जाई, तर दुसऱ्या क्षणी माणूस डेकच्या बरोबरीने येई. अर्धशतकाच्या या टगचा बुटका, बळकट बांधा आणि अवजडपणा इथे उपयोगी पडला. अनेक प्रयत्नांनंतर चार जणांना वर ओढून घेतले गेले. पाचवा, एक बचाव-जवान, मोठ्या शोधमोहिमेनंतरही सापडला नाही.

१ फेब्रुवारी १९९४ रोजी ‘तामारोआ’ सेवानिवृत्त झाली. इवो जिमाच्या लढाईत भाग घेतलेले आणि तोवर अमेरिकेच्या सेवेत असलेले शेवटचे जहाज म्हणून तिचा उल्लेख केला जातो. निवृत्तीनंतर ती न्यूयॉर्कच्या ‘इंट्रेपिड’ संग्रहालयाकडे गेली, पण तिथे तिची डागडुजी झाली नाही. पुढे जुन्या खलाशांनी आणि चाहत्यांनी स्थापलेल्या एका प्रतिष्ठानाने तिला व्हर्जिनियात नेले. तिला पुन्हा चालती करून ‘झुनी’ या मूळ नावाने जपायचे असा त्यांचा संकल्प होता. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे गंज खरवडला, इंजिने सुरू केली, केबिनी रंगवल्या. २०१२ मध्ये तळाच्या पत्र्यातून गळती सुरू झाली आणि इंजिनघरात पाणी भरले. एवढ्या मोठ्या पोलादी जहाजाचा तळ बदलण्याचा खर्च त्या प्रतिष्ठानाच्या आवाक्यापलीकडचा होता. लढवय्या जहाजांना संग्रहालये मिळतात, कारण लोकांना तोफा पाहायच्या असतात. ओढकामाच्या जहाजांसाठी देणग्या गोळा करणे सर्वत्रच अवघड जाते, आणि या टगच्या बाबतीत हे वाईट झाले.

जहाज भंगारात जाण्याऐवजी कृत्रिम प्रवाळभिंतीसाठी द्यायचे ठरले. तेल, रसायने आणि सुटे सामान काढून ते स्वच्छ करण्यात आले. १० मे २०१७ रोजी न्यू जर्सीतल्या केप मेच्या समोर, डेलावेअर, न्यू जर्सी आणि मेरीलँड या तीन राज्यांनी मिळून राखलेल्या ‘डेल-जर्सी-लँड’ क्षेत्रात ते बुडवले गेले. ‘आर्थर डब्ल्यू. रॅडफोर्ड’ ही नौदलाची विनाशिका २०११ मध्ये याच क्षेत्रात बुडवलेली आहे. इथल्या वालुकामय तळावर माशांना आसरा देणारे खडक जवळजवळ नाहीत, त्यामुळे पोलादी सांगाड्यावर शिंपले आणि इतर जीव चिकटून बसतात आणि त्यांच्या मागे सी बाससारखे मासे येतात. पाण्याची खोली सुमारे १२० फूट आहे. हौशी पाणबुड्यांसाठी सुरक्षित मानलेल्या १३० फुटांच्या मर्यादेत ती बसते, म्हणून प्रशिक्षित पाणबुड्यांना उन्हाळ्यात बोटीने तिथे जाऊन ही टग पाहता येते.